दोन पानं, वाचक एकच

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत तिसऱ्या पानावर तरुणांच्या नैराश्यावर लेख होता आणि सहाव्या पानावर तरुणांच्या पिण्यावर. दोन्ही चांगले होते. पहिल्यात ‘खिशातला समुपदेशक’ म्हणून मोबाइलवरच्या ॲपची ओळख करून दिली होती, दुसऱ्यात दारूविना गेलेले दिवस मोजणाऱ्या ॲपची. पण एका लेखात दुसऱ्याची साधी आठवणही नव्हती. जणू तिसरं पान वाचणारी मुलगी निराळी आणि सहावं पान वाचणारा मुलगा निराळा. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि ती दोन्ही पानं माझीच होती. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कापायचं तर कापा, पण मधला मोजमापाचा भाग कृपया ठेवा.

चोविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेले. कशातच जीव रमत नव्हता, ऑफिसच्या कामात न होणाऱ्या चुका होत होत्या, आंघोळसुद्धा ‘उद्या करू’वर जायची. त्यांनी तासाभरात लहानपण, नोकरी, झोप, प्रेमप्रकरण, सगळं मायेनं विचारलं. दारूबद्दल एकच प्रश्न आला, तोही कागदावरची नजर न उचलता : “ड्रिंक्स वगैरे काही नाही ना?” आता ‘नाही ना’ म्हटल्यावर माणूस काय सांगणार? उत्तर प्रश्नातच भरून दिलेलं होतं, मी फक्त खाली सही केली. “नाही हो, कधीतरी पार्टीत.” त्या वेळी मी गुरुवार ते रविवार, चारही रात्री घेत होते, आणि पार्टी बहुतेकदा माझ्या एकटीचीच असायची.

वर्षभरानं उलट्या दारानं गेले. व्यसनमुक्तीच्या ठिकाणी. दारावरच्या माणसानं विचारलं, “कोणासाठी आलात?” बाकांवर पुरुष होते आणि त्यांच्या शेजारी त्यांना घेऊन आलेल्या बायका, आया, बहिणी. त्यातली एक मला कुणाची तरी बायको समजून सरकून बसली. आत गेल्यावर मी डिप्रेशनचं बोलायला लागले तर मला मध्येच थांबवून सांगण्यात आलं की आधी तीन महिने सोडून दाखवा, डोकं आपोआप ठिकाणावर येईल.

या वाक्यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. भरपूर पिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची उदासी दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत खरंच निवळते. डॉक्टर हे जाणतात. पण सगळ्यांची निवळत नाही, आणि मुळात ते दोन ते चार आठवडे काढायचे कशाच्या जोरावर? ज्या गोष्टीनं रात्र ढकलली जाते ती काढून घ्यायची आणि रात्र तेवढीच ठेवायची. एका दारावर ‘आधी मन’, दुसऱ्यावर ‘आधी दारू’. मी दोन्ही दारांतून परत आले.

आता मोबाइलबद्दल. तिसऱ्या पानावरच्या लेखिकेला वाईट वाटलं होतं की हल्लीची मुलं माणसांऐवजी पडद्याशी मन मोकळं करतात. मला त्यांचा राग नाही, पण मला आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर द्यायला लावलं ते पडद्यानंच. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. ॲपमध्ये एकापाठोपाठ एक दोन प्रश्नावल्या आल्या. पहिली नऊ प्रश्नांची, नैराश्याची, जी २००१ पासून जगभरचे डॉक्टर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय आणि किती दिवस वाटलं, ते विचारते. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्नांची, पिण्याबद्दलची. त्या दहातला पहिलाच प्रश्न होता : किती वेळा घेता? पर्याय पाच. ‘कधीच नाही’पासून ‘आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा’पर्यंत. ‘नाही ना?’ असा पर्यायच नव्हता. मी शेवटच्यावर बोट ठेवलं. पडद्याच्या भुवया वर गेल्या नाहीत, त्यानं उसासा टाकला नाही, पुढचा प्रश्न विचारला.

हे माझ्या एकटीचं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना पडद्यावरच्या आभासी मुलाखतकारासमोर बसवलं. काहींना सांगितलं की पलीकडे संगणक आहे, काहींना सांगितलं की पलीकडून माणूस चालवतो आहे. पलीकडे फक्त यंत्र आहे असं ज्यांना वाटत होतं ते कमी कचरले, जास्त मोकळे झाले. दारू ही मुळात लाजेची गोष्ट, त्यात पिणारी बाई असेल तर विचारायलाच नको. तिथं कुणी बघत नाहीये हाच पहिला आधार असतो. तो कमी लेखू नये.

दुसरा प्रश्न होता : घेता त्या दिवशी किती ‘ड्रिंक’ घेता? पहिला पर्याय ‘१ किंवा २’, आणि त्याला शून्य गुण. मी खुशीत तोच निवडणार होते. माझे दोन पेग ठरलेले असायचे, वाईट दिवशी तीन. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : एक ड्रिंक म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारण ३० मिलीलिटर कडक दारू, तुमचा ग्लास मोजून बघा.

तो सल्ला मी पाळला याचं श्रेय माझ्या शिस्तीला नाही, झोप येत नव्हती. घरात मोजायला काही नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते छोटं प्लॅस्टिकचं झाकण असतं ना, ५, १०, १५ अशा रेघा असलेलं, ते सापडलं. नेहमीच्या ग्लासात डोळ्यांच्या अंदाजानं नेहमीइतकं पाणी ओतलं. मग ते पाणी १५ च्या रेघेपर्यंत झाकणात भरायचं आणि बेसिनमध्ये ओतायचं, असं करत गेले. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला मला वाटलं संपेल. पाच. सहाव्यांदा झाकण भरलं तेव्हा ग्लास रिकामा झाला. नव्वद मिलीलिटर. चाळीस टक्क्यांच्या दारूत याचं अल्कोहोल भरतं सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे माझा एक म्हणजे जगाचे जवळजवळ तीन. माझे दोन म्हणजे सहा, आणि वाईट दिवशीचे तीन म्हणजे आठ-नऊ. ‘१ किंवा २’वरचं बोट मी ‘५ किंवा ६’वर नेलं. शून्याचे दोन गुण झाले.

बेसिनपाशी उभी राहून मी हसले, मग रडले. खरं तर चिडले. तीन वर्षं मी स्वतःला आणि सगळ्यांना ‘दोनच गं’ म्हणत होते, आणि त्यात खोटेपणा नव्हता. मी मोजतच होते, फक्त माप माझं होतं. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूनं रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढतं, हेही मला त्या रात्रीच कळलं.

शेवटी निकाल आला. नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी १७. पिण्याच्या प्रश्नावलीत ४० पैकी १८, जिथं ८ पासूनच इशारा सुरू होतो. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर, एकाखाली एक. मला तोवर कुणी हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले नव्हते. आपल्या पुरवणीत त्यांच्यामध्ये दोन पानं होती.

त्यानंतर ॲप रोज संध्याकाळी तीन गोष्टी विचारायचं : आज मन कसं, ० ते १०, काल किती घेतली, झोप किती. तीन आठवड्यांनी त्यानं दोन रेघा एकावर एक काढून दाखवल्या. माझी पक्की समजूत होती की मन खाली जातं म्हणून मी पिते. गुरुवारी मन खाली होतं, हे बरोबरच होतं. पण मनाची रेघ सगळ्यात खोल जायची ती मंगळवारी, तिन्ही आठवडे. सोमवार-मंगळवार तर मी घेतच नव्हते! मंगळवारी आमची आढावा बैठक असते. दोन वर्षं मी त्या बैठकीला शिव्या घालत होते. त्या रेघांनी दाखवलं की चार रात्रींची दारू सोमवार-मंगळवारी वसूल होत होती. झोपेच्या रकान्यातही तेच. दारूनं डोळा पटकन लागतो, पण ती उतरू लागली की मध्यरात्रीनंतर झोप तुटते. मला वाटायचं मला ‘तीन वाजताचा आजार’ आहे. तीनला जाग, मग छातीत धडधड, मग आयुष्यभराच्या चुकांची उजळणी. त्यातली निम्मी धडधड ग्लासातून आलेली होती. निम्मीच, सगळी नाही. उरलेली माझीच होती आणि तिच्यावर नंतर वेगळे उपचार झाले, गोळ्यांसकट.

मन आणि पिणं असं एकत्र बघणं हा योगायोग नाही, ते जाणूनबुजून बांधलेलं काम आहे. ऑस्ट्रेलियात या दोन्ही त्रासांवर एकत्र ऑनलाइन उपचार करून बघितले गेले आहेत. १८ ते २५ वयाच्या, नैराश्य आणि घातक पिणं दोन्ही असलेल्या १०४ तरुणांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवडे, तासातासाचे चार भाग. विचार आणि पिणं यांची साखळी ओळखणं, मन नसताना छोटी कामं अंगावर घेणं, तल्लफ आली की काय करायचं ते आधी ठरवून ठेवणं. एका गटाला हे, दुसऱ्याला आरोग्याची साधी माहिती. चार-पाच आठवड्यांनी पहिल्या गटाचं मनही जास्त सुधारलेलं आणि पिणंही जास्त घटलेलं. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत तसा फरक उरला नव्हता, कारण दुसरा गटही सुधारत गेला होता. यावर शास्त्रज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, मला एवढंच वाटतं. कुणीतरी ठरल्या वेळी विचारतंय, एवढ्यानंसुद्धा माणूस थोडा सावरत असावा.

इथवर वाचून वाटेल की ही बाई ॲपची जाहिरात करते आहे. तर आता तक्रारी.

दिवस मोजणारं ॲप, ज्याचं आपल्या सहाव्या पानावर कौतुक होतं, तेही मी वापरलं. एकोणीस दिवस झाले होते. रोज सकाळी आकडा वाढायचा, खाली टाळ्या. विसाव्या रात्री मी एक घेतला. एक, ३० मिलीलिटर, झाकणानं मोजून. प्रामाणिकपणे ॲपमध्ये नोंदवला. पडद्यावरचा १९ गरकन फिरून ० झाला आणि खाली आलं : ‘पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करू या!’ मी त्या शून्याकडे बघत बसले. आणि शून्यच आहे तर शून्य, म्हणून उरलेली बाटली संपवली. व्यसनाच्या मानसशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८० च्या दशकातच हे सविस्तर मांडलंय : एकदा घसरलं की ‘मी संपले, माझ्यात दमच नाही’ हा विचार माणसाला त्या एका पेगपेक्षा जास्त खाली ओढतो. चाळीस वर्षं जुनी गोष्ट आकडा फिरवणाऱ्याला ठाऊक नसावी? ‘या महिन्यात २० पैकी १९ दिवस’ असं लिहिलं असतं तरी माझी ती रात्र वेगळी गेली असती. आणि उदास माणसाला शून्य दाखवणं म्हणजे त्याला जे स्वतःबद्दल आधीच वाटतंय त्यावर शिक्का मारणं. हे ॲप बनवणाऱ्यानं दारूचा विचार केला होता, नैराश्याचा नव्हता. पुन्हा तीच दोन पानं.

भाषेचंही सांगते, कारण हे मराठी वर्तमानपत्र आहे. एका ॲपमध्ये मराठी निवडता येत होतं. पहिल्याच संध्याकाळी विचारलं : ‘काल तू किती प्यायलास?’ प्यायलास! मला क्षणभर वाटलं, हे मला विचारतच नाहीये. इंग्रजीत हा प्रश्न बाई-पुरुषांना एकच, आपल्याकडे क्रियापदच सांगतं की समोर कोण धरलंय. ‘प्यायलीस’ हा शब्द त्या ॲपच्या कुणाच्या डोक्यातच आला नसेल. निदान ‘काल किती घेतली?’ म्हणा, सगळ्यांना चालतं, आणि आपण बोलतोही तसंच. दुसरीकडे लिहिलं होतं, ‘कार्यांमध्ये अभिरुची वा आनंदाचा अभाव’. पावणेदोन वाजता कुणाला अभिरुचीचा अभाव होत नाही हो. नको नको वाटतं, मन उडतं, कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याचाही कंटाळा येतो. एका गप्पा मारणाऱ्या ॲपला मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून लिहिलं, आपण सगळेच लिहितो तसं, ‘आता नको झालंय सगळं’. त्याला काही कळलं नाही. ते म्हणालं, छान, मग पुढच्या धड्याकडे वळू या. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वाइझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा पहिला बोलका संगणक कार्यक्रम केला, तो निदान तुमचंच वाक्य प्रश्न करून परत विचारायचा. त्याच्या पुढे साठ वर्षांत आपण ‘छान’पर्यंत पोचलो.

पण हे सगळं सोसता येतं. जे सोसता येऊ नये ते आता लिहिते.

नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. माझ्या एका वाईट पंधरवड्यात मी त्याला ‘काही दिवस’ असं उत्तर दिलं. ते ॲप म्हणालं, ‘धन्यवाद! तुमची नोंद जतन झाली.’ वर उगवत्या सूर्याचं चित्र. मदतीचा क्रमांक होता, नाही असं नाही, तीन पडदे मागे, ‘अधिक माहिती’च्या पोटात. त्या रात्री मी प्यायलेली होते. ॲपला तेही माहीत होतं, कारण संध्याकाळी मीच आकडा भरला होता. त्याच्याकडे दोन्ही उत्तरं होती, वेगवेगळ्या कप्प्यांत. आणि प्यायलेल्या अवस्थेत असे विचार जास्त धोक्याचे असतात, कारण मन आधीच खाली असतं आणि दारू हाताला धरून ठेवणारा विचार सैल करते. उदास मनाचा आणि दारूचा प्रश्न एकाच ठिकाणी विचारायचा तो सोयीसाठी नाही, तो या रात्रीसाठी. ती दोन उत्तरं एकत्र आली की पडदा तिथंच थांबला पाहिजे आणि माणूस आला पाहिजे.

मी त्या रात्री ताईला फोन केला, म्हणून पुढचं लिहिते आहे. ती काही विशेष बोलली नाही. “दिवा लाव, पाणी पी, मी फोनवर आहे,” म्हणाली आणि खरंच पहाटेपर्यंत फोनवर राहिली, त्यातला निम्मा वेळ घोरत. उजाडल्यावर मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. पण प्रत्येकीला ताई नसते, आणि असली तरी तिला सांगता येत नाही. मला तिला दारूचं सांगायला ती रात्र यावी लागली.

नंतर डॉक्टरांनी सुचवलेली सेवा वेगळी होती. तिथं सुरुवातीलाच विचारलं होतं की वेळ आली तर कुणाला कळवू. तिथंही आठवड्याला प्रश्नावल्या भरायच्या, रेघा बघायच्या, पण दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला एक बाई फोन करायच्या. दहा मिनिटं, फार तर पंधरा. गुरुवार त्यांनी माझा आलेख बघून निवडला होता. पहिल्या फोनला त्यांना सर्दी झाली होती. “आत्ता बोलता येईल ना, की शेजारी कुणी आहे?” हे त्यांचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. त्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या होत्या. मी त्यांच्यासाठी धडे वाचायचे, खरंच सांगते. गुरुवारी बाई विचारतील म्हणून बुधवारी रात्री घाईघाईनं गृहपाठ.

याचंही शास्त्र आहे. मदतीला माणूस असलेले ऑनलाइन उपचार नुसत्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नुसत्या ॲपचं काय होतं तेही मोजून झालंय. २०१९ च्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा प्रत्यक्ष वापर तपासला, तर घेतल्यानंतर तीस दिवसांनी ते उघडणारे शंभरात जेमतेम तीन-चार. आपल्या लेखात ‘लाखो डाउनलोड’ असं कौतुकानं छापलं होतं. महिन्याभरानंतर किती उरले, तेही लेखकानं विचारायला हवं होतं.

एक धोक्याची गोष्ट थोडक्यात, कारण ती आपल्या सहाव्या पानावर चुकीची गेली आहे. चौकटीत लिहिलं होतं, ‘आजच, या क्षणी, पूर्ण बंद करा’. माझ्यासारखीला ते जमण्यासारखं होतं. पण ज्याचे सकाळी हात थरथरतात, ज्याला उतारा घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो. आमच्या ऑनलाइन गटातला एक मुलगा असंच ॲपवर बटण दाबून थांबला आणि दुसऱ्या दिवशी झटका येऊन पडला. घरात भाऊ होता म्हणून वाचला. ॲपनं त्याला दुसऱ्या दिवसाचं पदक पाठवलं होतं. ‘सकाळी उठल्यावर प्यावी लागते का?’ हा प्रश्न त्या दहा प्रश्नांत आहेच. त्याच्या उत्तराकडे बघून ‘थांब, आधी डॉक्टरांकडे जा’ असं म्हणायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

आणि गुप्तता. मी नाव छापू नका म्हणते आहे, हे भित्रेपण समजा हवं तर. पण एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, दारू सोडायला मदत करणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीवर कारवाई केली. ‘सगळं गुप्त राहील’ असं सांगून तिनं ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी मेटा, गूगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचवली होती, आणि ही झळ ८४ हजारांपर्यंत लोकांना लागली असावी असा हिशोब होता. त्याआधी २०२० मध्ये फिनलंडमध्ये एका मानसोपचार सेवेतून चोरलेल्या नोंदी दाखवून हजारो रुग्णांकडे खंडणी मागितली गेली. मी पावणेदोन वाजता पडद्याला जे सांगितलं ते समुपदेशकालाही सांगितलं नव्हतं. ते कुठं ठेवलं जातं, कुणाला दिसतं, आणि मी म्हटलं तर पुसलं जातं का, हे ॲप सुचवण्याआधी आपल्या लेखकांनी बघायला हवं. वाचक दोन वाजता अटी वाचत बसत नाही. तो तेव्हा आधीच बुडालेला असतो, त्याला काठावर लिहिलेली पाटी काय दिसणार.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी हे दोन विषय एकाच पानावर घ्या. मन कसं आहे विचारणाऱ्या चौकटीत पिण्याचा प्रश्न घाला, पिण्याच्या चौकटीत मनाचा. आणि कुठलंही ॲप सुचवताना एवढं तपासा की शेवटच्या बटणापलीकडे बोलणारं कुणी आहे का, आणि ते मराठीत बोलतं का.

मी आता कशी आहे, असं विचाराल तर बरी आहे. पूर्ण सोडलेली नाही असं लिहिलं तर काही वाचक नाराज होतील, पण या महिन्यात एक दिवस घेतली, आणि झाकणानं मोजून. नैराश्याच्या प्रश्नावलीत परवा ६ आले. गुरुवारचे फोन आता पंधरवड्यानं येतात.

एकच शेवटचं. पत्र छापलंत तर शेजारी डोकं धरून बसलेल्या पुरुषाचं आणि बाटलीचं ते नेहमीचं चित्र टाकू नका. दोन्ही पानांवर तेच होतं. चित्र हवंच असेल तर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाचं चालेल.

आपली,
एक नियमित वाचक
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)